वेदीवरची भाषा, वेशीबाहेरचा माणूस

गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझ्या मित्राच्या आईच्या मातीला मी गेलो होतो. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, महारवाड्याची जागा बदललेली नाही.) म्हातारी नव्वदीच्या घरात होती. जन्माने महार, धर्माने कॅथलिक. मी बौद्ध. तिचे आईबाप आणि माझे आजोबा एकाच वस्तीतले. एका घराने फादरचे पाणी घेतले. दुसऱ्या घराने १९५६ नंतर बुद्धाला शरण जायचे ठरवले. पुढे दोन्ही घरांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण मयतीला जाणे काही सुटले नाही.

मरण्यापूर्वी म्हातारीने मुलाला सांगून ठेवले होते : माझ्या मातीला ते जुने लॅटिनमधले गाणे म्हणा. तरुण फादर भला माणूस होता. तो सरळ म्हणाला, 'मला ते येत नाही.' मग चार म्हाताऱ्या पुढे झाल्या आणि बोळक्या तोंडांनी त्यांनी ते गाणे म्हटले. लॅटिन शब्द झिजून झिजून नगरी वळणाचे झाले होते. अर्थ चौघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हता.

परतताना मी मित्राला विचारले, 'न कळणाऱ्या भाषेचा एवढा लळा कशासाठी?' माझ्या स्वरात आंबेडकरी माणसाची थोडी झिडकार होती, हे कबूल करतो. तो म्हणाला, 'मीही आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "मराठीत आमाला समद्यांनी शिव्या दिल्या. त्या भाषेत कुनी दिली न्हाई."'

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लोकभाषा म्हणजे मुक्तीची भाषा आणि देवभाषा म्हणजे गुलामीची भाषा, हे समीकरण मी इतकी वर्षे बिनतक्रार वापरीत आलो. त्या म्हातारीने ते एका वाक्यात मोडले. प्रस्तुत लेख हे त्या वाक्याशी घातलेले भांडण आहे, आणि काही अंशी त्याला दिलेली कबुलीही आहे.

१

आधी वाद काय आहे ते समजून घेऊ. १५७० मध्ये पाचव्या पायस या पोपने मिस्सेचा एक विधी ठरवून दिला आणि तो पश्चिमेकडील बहुतेक सर्व चर्चना लागू केला. पुढे जवळजवळ चारशे वर्षे, मधल्या किरकोळ फेरबदलांसह, तोच विधी चालला. भाषा लॅटिन. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभा, म्हणजे लोकांकडे त्याची पाठ. महत्त्वाचे मंत्र तो पुटपुटल्यासारखे म्हणणार. लोक गुडघे टेकून आपापली जपमाळ ओढणार.

१९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात लॅटिन हद्दपार केलेली नाही. उलट ती राखावी असेच म्हटले आहे. पण लोकांच्या भाषेला दार उघडले, आणि उपासनेत लोकांनी जाणतेपणाने, सक्रिय भाग घ्यावा हे तत्त्व मांडले. दार एकदा उघडल्यावर वारे आत शिरणारच. १९६९ मध्ये सहाव्या पॉल यांनी नवा विधी जाहीर केला. काही वर्षांतच जगभरच्या वेद्यांवर लोकभाषा आल्या आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

ज्यांना हे रुचले नाही ते सनातनी कॅथलिक. त्यांचा सगळा पक्ष खुळचट आहे असे मी मानत नाही. त्यांचे म्हणणे असे की, उपासना ही माणसांनी माणसांसाठी भरवलेली सभा नव्हे. माणूस तिथे आपल्यापेक्षा मोठ्या गोष्टीपुढे उभा राहतो. तिथे रोजच्या बाजाराची भाषा आणली की मौन जाते, भय जाते, आदर जातो. ज्याने एखादी जुनी मिस्सा ऐकली आहे त्याला या म्हणण्यात काही तथ्य असल्याचे जाणवेल. प्रश्न एवढाच की, ते तथ्य कोणाच्या बाजूने उभे केले जाते.

२

या वादातला एक कागद आपल्या लोकांनी आवर्जून वाचावा असा आहे. जुलै १९७१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एक निवेदन छापून आले. जुनी लॅटिन मिस्सा नष्ट करू नका, अशी पोपला विनंती होती. खाली इंग्रजी वाङ्मय-कलाक्षेत्रातील पन्नासहून अधिक नामवंतांच्या सह्या होत्या : ग्रॅहम ग्रीन, रॉबर्ट ग्रेव्हज, आयरिस मर्डॉक, समीक्षक एफ. आर. लीव्हिस, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन, रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती. त्यांतले बरेच जण कॅथलिक नव्हतेच. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला रोमने इंग्लंड आणि वेल्सपुरती जुन्या विधीला मर्यादित मुभा दिली. अगाथाबाईंच्या नावामुळे पोपचे मन वळले अशी आख्यायिका आहे, आणि ती मुभा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

निवेदनाचा युक्तिवाद असा : मोठमोठी प्राचीन प्रार्थनामंदिरे पाडण्याचा हुकूम निघाला असता तर सुशिक्षित जग हादरले असते, मग ज्या विधीने कवी, संगीतकार, चित्रकार, शिल्पकार घडवले तो विधी मोडताना गप्प का बसायचे? हा विधी केवळ चर्चचा नाही, साऱ्या संस्कृतीचा आहे. आणि याच ओघात, कोट्यवधी माणसांच्या धार्मिक अनुभवाचा विचार आपण या क्षणी करीत नाही, असेही त्यांनी मोकळेपणाने लिहून टाकले.

या प्रामाणिकपणाबद्दल मी त्या मंडळींचा आभारी आहे. आमच्याकडचे सौंदर्यवादी इतके स्पष्ट बोलत नाहीत. मराठी समीक्षेत पन्नास वर्षे आम्ही हेच ऐकत आलो : कलाकृती स्वायत्त असते, तिच्याकडे पाहताना माणसाच्या भाकरीचा, पाणवठ्याचा, जातीचा विचार आणू नका. दलित साहित्याने या मताला नकार दिला. सौंदर्य आम्हाला वर्ज्य आहे म्हणून दिलेला हा नकार नव्हता. माणूस वजा केल्यावर जे सौंदर्य उरते ते राखणदाराचे सौंदर्य असते, हे आम्हाला अनुभवाने कळले होते. देवळाचा कळस सुंदर आहे, हे वेशीबाहेरून आमच्याइतके कोणी पाहिले असेल? पण कळसाचे वर्णन करणाऱ्याने गाभाऱ्याच्या दाराविषयी बोलायचे टाळले, तर ते वर्णन अपुरे राहते, आणि त्या अपुरेपणातच त्याचा पक्ष कळतो.

म्हणून या निवेदनावरचा माझा आक्षेप असा. त्यात गुडघे टेकणारा माणूसच नाही. विधी आहे, संगीत आहे, वारसा आहे, गुडघे नाहीत. माझ्या मित्राच्या आईलाही जुनी लॅटिन हवी होती. त्या पन्नास-पंचावन्न नामवंतांना जे हवे होते तेच तिलाही हवे होते. पण तिचे कारण त्यांच्यापैकी एकालाही सुचले नसते. त्यांना लॅटिन हवी होती, कारण तिच्यात संस्कृती साठलेली आहे. तिला लॅटिन हवी होती, कारण तिच्यात तिच्यापुरती कसलीही संस्कृती साठलेली नव्हती; जात नव्हती, शिवी नव्हती, 'दूर हो' नव्हते. एकाच भाषेवरची ही दोन प्रेमे परस्परांच्या अगदी विरुद्ध टोकांना आहेत.

३

सौंदर्याचा पक्ष निदान सभ्य आहे. सत्तेचा पक्ष अधिक उघड आहे. त्याचे नाव मार्सेल लफेव्र. हे फ्रेंच आर्चबिशप आफ्रिकेत दीर्घकाळ मिशनरी होते, डाकारचे आर्चबिशप होते. परिषदेच्या निर्णयांविरुद्ध उभे राहून १९७० मध्ये त्यांनी दहाव्या पायसच्या नावाने एक धर्मगुरूसंघ काढला. १९८५ मध्ये गोंधळलेल्या कॅथलिकांना उद्देशून त्यांचे अनावृत पत्र पुस्तकरूपाने निघाले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, फ्रेंच राज्यक्रांतीची तीन तत्त्वे परिषदेच्या वाटेने चर्चमध्ये घुसली. स्वातंत्र्य आले ते धर्मस्वातंत्र्य म्हणून, समता आली ती बिशपांच्या सामूहिक अधिकाराच्या रूपाने, आणि बंधुता आली ती इतर पंथ-धर्मांशी संवादाच्या रूपाने. लफेव्र यांच्या मते ही चर्चची कीड होती.

आंबेडकरी वाचकाने येथे जरा थांबावे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हेच बाबासाहेबांचे तीन शब्द. १९५४ मधल्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले होते की, हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेले नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहेत. या तीन शब्दांना जो माणूस रोग म्हणतो, त्याच्या हातातली लॅटिन ही निव्वळ भाषा उरत नाही. ती एका उतरंडीची खूण होते. लफेव्र यांचा मूळ झगडा व्याकरणाशी नव्हताच. सत्य वरून खाली येते आणि खालच्याने ते झेलायचे असते, ही व्यवस्था त्यांना टिकवायची होती.

पण सत्तेची गंमत अशी की, आज्ञापालनाचा सर्वांत मोठा कैवारी शेवटी सर्वांत मोठा अवज्ञाकार ठरला. ३० जून १९८८ रोजी पोपची अनुमती नसताना लफेव्र यांनी चार बिशपांना दीक्षा दिली आणि ते बहिष्कृत झाले. त्यांच्या निधनानंतर, २००९ मध्ये, त्या चौघांवरचा बहिष्कार सोळाव्या बेनेडिक्ट यांनी उठवला. त्याआधी २००७ मध्ये बेनेडिक्ट यांनीच स्वतःच्या अधिकारात एक फर्मान काढून जुनी मिस्सा सर्वत्र मोकळी केली होती. १६ जुलै २०२१ रोजी फ्रान्सिस यांनी तसेच फर्मान काढून ती पुन्हा आवळली : परवानगी बिशपची, जागा शक्यतो धर्मग्रामाच्या चर्चबाहेरची, वाचने लोकभाषेत. या मुभेचा उपयोग परिषद नाकारण्यासाठी आणि फूट वाढवण्यासाठी होत आहे, असे कारण त्यांनी दिले. ते कारण मला पटते. पद्धत मात्र पटत नाही. एका पोपच्या सहीने मिळालेले दुसऱ्या पोपच्या सहीने गेले. सनातन्यांना तेव्हा जे दुःख झाले ते खरे होते. पण ते आमच्या ओळखीचे आहे. वरून मिळते ती सवलत, हक्क नव्हे. आणि सवलत देणारा हात सवलत काढूनही घेतो, हे आम्ही कोणत्याही परिषदेशिवाय शिकलो आहोत. फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले आणि ८ मेला चौदावे लिओ निवडले गेले. तेव्हापासून दोन्ही पक्ष नव्या सहीकडे डोळे लावून आहेत. सहीकडे डोळे लावून बसणे हीच तर सत्तेची शिकवण!

४

हा सगळा युरोपचा वाद झाला. पण म्हातारीच्या वाक्याची परीक्षा आपल्या भूमीवरच करायला हवी. लॅटिनमध्ये शिवी नव्हती, हे खरे. पण लॅटिनच्या भर वैभवाच्या काळात येथे काय चालले होते?

१६०६ मध्ये रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट मदुरेला आला. ब्राह्मणांना ख्रिस्ती करायचे म्हणून तो संन्याशासारखा राहिला, जानवे-शेंडीला त्याने मोकळीक दिली आणि १६२३ मध्ये पंधराव्या ग्रेगरी पोपने ती मोकळीक मान्यही केली. पुढे त्या मिशनात वरच्या जातींसाठी एक प्रकारचे धर्मगुरू आणि खालच्यांसाठी दुसऱ्या प्रकारचे, अशी विभागणी झाली. परियांच्या घरात जाऊन मरणाऱ्याला अखेरचे संस्कार द्यायचे की नाही, यावर रोमपर्यंत वर्षानुवर्षे खल चालला. १७४४ मध्ये चौदाव्या बेनेडिक्टच्या काळात तोड निघाली ती परियांसाठी वेगळे मिशनरी नेमण्याची. सगळीकडे मिस्सा एकच, लॅटिन एकच. फक्त उंबरठे वेगळे. भाषा निर्मळ होती, पण ती उच्चारणारा माणूस कोणाच्या दारात जायचे हे जातीला विचारून ठरवत होता.

खुद्द मराठीचेच उदाहरण घ्या. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'क्रिस्तपुराण' लिहिले; ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. हजारो ओव्यांचा तो ग्रंथ मराठीचे भूषण मानला जातो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या देवळांत हे पुराण वाचले जाई त्याच देवळांत मिस्सा लॅटिनमध्ये होई. समजावून द्यायला मराठी, साक्षात घडवायला लॅटिन. ऐकणाऱ्याची भाषा वेगळी आणि कर्त्याची भाषा वेगळी. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यातील लोकांची भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला, तेव्हा ऐकणाऱ्याची भाषाही सुरक्षित नाही हे दिसून आले.

मग परिषद झाली, लोकभाषा आली. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा बदल मंजूर केले : जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार, समया, आरती, ताटातली फुले. फादरांच्या आश्रमांतून भगवी वस्त्रे, ओंकार आणि उपनिषदांची वचनेही दिसू लागली. भारतीय होण्याची ही धडपड मनापासूनची होती. पण हा भारत कोणाचा? येथल्या कॅथलिकांत बहुसंख्य माणसे दलित-आदिवासी-मच्छीमार. त्यांच्या पोतराजाला, हलगीला, डफाला वेदीवर बोलावणे गेले नाही. गेले ते संस्कृतला. लॅटिन गेली आणि तिच्या रिकाम्या आसनावर संस्कृत येऊन बसली! म्हातारीच्या दृष्टीने पाहा : जिच्यात शिवी नव्हती ती देवभाषा काढली, आणि जिने तिच्या कानांत शिसे ओतायला सांगितले ती देवभाषा आणली. ख्रिस्ती दलित विचारवंतांनी पुढे या 'भारतीयीकरणा'ला ब्राह्मणीकरण म्हटले, ते उगाच नव्हे.

आणि जिथे खरीखुरी लोकभाषा आली तिथे? तमिळनाडूतील एरैयूरला मिस्सा तमिळमध्येच होत होती. तरीही दलित कॅथलिकांची प्रेतयात्रा चर्चच्या मुख्य रस्त्याने जाऊ शकत नव्हती. त्यांनी वेगळा धर्मग्राम मागितला, मार्च २००८ मध्ये दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीतील, सवर्ण आणि दलित थडग्यांमधल्या भिंतीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने झाली. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. ते पहिले दलित कार्डिनल. दे नोबिली मदुरेला आला त्याला तोवर चारशे सोळा वर्षे झाली होती.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलिताला नाही. राज्य म्हणते, ख्रिस्ती झालास, आता तुला जात नाही. चर्च म्हणते, ख्रिस्तात जात नाही. खरे बोलते ती फक्त दफनभूमी.

५

तेव्हा म्हातारीचे वाक्य अर्धे खरे ठरते. लॅटिनमध्ये शिवी नव्हती, पण लॅटिनने शिवी थांबवली नाही. आणि मराठी आली म्हणून मराठीतली शिवी आपोआप धुऊन निघाली नाही. देवभाषा की लोकभाषा, हा प्रश्न सोडवल्याने माणसाचा प्रश्न सुटत नाही. भाषा बदलताना जात शाबूत ठेवली, तर दलिताचा आडोसा तेवढा जातो आणि हातात काही पडत नाही. परिषदेच्या सुधारकांनी हे ओळखले नाही. त्यांनी धर्मगुरूचे तोंड लोकांकडे वळवले. पण लोकांची तोंडे एकमेकांकडे वळली का, हे पाहिले नाही.

मिस्सा हे मुळात एक जेवण आहे. हे मी बाहेरचा माणूस म्हणून सांगत नाही. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात नवा करार शिकवणारे जेझुइट पंडित जॉर्ज सोरेस-प्रभू यांनी, येशूच्या पंगतीचा दलित ख्रिस्ती माणसासाठी अर्थ काय, यावर मुद्दाम लेख लिहिला. येशू बहिष्कृतांबरोबर जेवला, हीच त्याची उपासना होती. या कसोटीला जी मिस्सा उतरते ती लॅटिनमध्ये असो की अहिराणीत, मला आदरणीय आहे. जी उतरत नाही तिचे संगीत कितीही दिव्य असले तरी तो पंक्तिप्रपंचच आहे.

आता हेच बोट स्वतःकडे वळवतो. आमच्या विहारात रविवारी वंदना होते ती पालीत. पोरे पाठ म्हणतात. अर्थ विचारला की खाली पाहतात. वैदिक छंदात बुद्धवचन बांधण्याची परवानगी दोन ब्राह्मणकुलीन भिक्खूंनी मागितली आणि बुद्धाने ती नाकारली, ही कथा आम्ही व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील पालीत दिले. पण बावीस प्रतिज्ञा, ज्यांनी जगणे बदलायचे होते, त्या मराठीत दिल्या. हा भेद आम्ही विसरत चाललो आहोत. पालीत आम्हाला कोणी शिवी दिलेली नाही, म्हणूनच ती आम्हाला गोड लागते काय? तसे असेल तर माझ्यात आणि त्या चार म्हाताऱ्यांत फरक कोणता? मी तिला झिडकारले तेव्हा मला हे सुचले नव्हते.

महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी केशोबासाला संस्कृतात लिहू नको म्हणून बजावले. कारण दिले की, त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याहून थोर समीक्षा मला आढळलेली नाही. तिच्यात ग्रंथाआधी माणूस आहे. पण आज नागदेवाचार्य नगरच्या त्या खेड्यात आले असते, तर त्यांनाही माझ्या मित्राच्या आईने पेचात टाकले असते. कारण तिला मराठीनेच वंचित केले होते.

त्या दफनभूमीत भिंत नव्हती. तिथे सगळे आमचेच लोक पुरलेले आहेत. भिंत पलीकडे, गावाच्या वेशीवर होती. गाणे संपल्यावर फादरने मराठीत प्रार्थना म्हटली, 'आमची ही बहीण' असा शब्द उच्चारला आणि स्वतःच्या हाताने माती टाकली. फादर कोणत्या जातीचा हे मी विचारले नाही. 'बहीण' हा शब्द मराठीत त्या म्हातारीला उद्देशून वस्तीबाहेरच्या किती जणांनी उच्चारला असेल, याचाच विचार मी करीत होतो. तो तिला जिवंतपणी, मुख्य रस्त्यावर, पाणवठ्यावर, पंगतीत ऐकू आला असता, तर तिने लॅटिन मागितली नसती.